सारवलेली दरड

"हिरे," मी म्हटलं, आणि तू ओ दिली नाहीस.

चार महिन्यांत पहिल्यांदा तुझं नाव घेतलं होतं. त्याआधी तुझ्या दाराबाहेर किती वेळ उभी होते ते मला ठाऊक आहे. सूर्य डोंगराच्या वर आला तेव्हापासून ते ऊन तुझ्या उंबऱ्याला लागेपर्यंत. तुझी शेळी आत ओरडत होती. धार काढायची वेळ टळून गेली होती. दार नुसतं लोटलेलं होतं, बोट लावलं असतं तरी उघडलं असतं. पण आधी कोण बोलणार हे ठरायचं होतं, म्हणून मी उभी राहिले. खाकरले. बादली आपटली. शेळीला म्हटलं, "राणे, मालकीण निजली का काय तुझी?" मग हाक मारली, मग दार ढकललं. तू भिंतीकडं तोंड करून कुशीवर निजली होतीस. पायाला हात लावला आणि कळलं.

डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेल्या, झोपेत, हृदय बंद पडलं. म्हणजे माझ्या उभं राहण्यानं काही बिघडलं नाही. सगळे मला तेच समजावतात. बरोबर आहे. पण मी उभी राहिले होते, हेही बरोबर आहे.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला जमतंय. मी चौथी शिकलेली. घरात कुठलाही कागद आला की तू माझ्यापुढं आणून टाकायचीस, "अक्का, काय लिवलंय?" हा कागदही मीच तुला वाचून दाखवला असता, आणि वाचताना चार ओळी गाळल्या असत्या. आता गाळण्यात अर्थ नाही.

तू नवी नवरी होऊन आलीस तेव्हा मी या घरात चार वर्षांची जुनी होते. थोरली जाऊ. सासूनं तुला माझ्या हाताखाली दिलं आणि आपल्या दोघींना मेंढरांमागं पाठवलं. लेण्याद्रीच्या पलीकडच्या उतारावर आपण चारायला जायचो. तिथं एका पायवाटेच्या कडेला तू उकिडवी बसलीस आणि हातानं मला खुणावलंस.

"अक्का, इकडं या. पाय आपटू नका."

"काय सापडलं?"

"दार."

मला आधी काही दिसेना. ओली माती, वर शेवाळ. मग तू बाभळीचा काटा घेतलास आणि मातीत एका जागी टोकानं उचललंस, तर कोटाच्या बटणाएवढं गोल झाकण वर आलं. एका बाजूनं बिजागरी असल्यासारखं. आतून पांढरं, चुलीवरच्या दुधाच्या सायीसारखं मऊ अस्तर. तू काटा माझ्या हातात दिलास.

"ओढा हळू."

मी ओढलं, आणि आतून कोणीतरी झाकण खाली ओढलं. दाणकन मिटलं. काटा माझ्या हातातून पडला.

"कोण हाय आत?"

"घरची मालकीण," तू म्हणालीस. "आठ पायांनी धरून बसलीया. तिला वाटतंय चोर आला."

आपण दोघी हसत बसलो आणि तोवर मेंढरं खालच्या भुईमुगात शिरली. त्या शेतकऱ्यानं आपल्या माहेरचा आणि सासरचा एकत्र उद्धार केला. घरी आल्यावर सासूनं विचारलं, लक्ष कुठं व्हतं? तू म्हणालीस, "अक्का काटा काढत व्हती." खोटं नव्हतं.

तू त्यांना झाकणवाल्या म्हणायचीस. मला ते येडेपण वाटायचं. कोळी तो कोळी. पण ओढ्याकाठी आपलं घर बांधायला काढलं, आणि मागच्या दरडीत तुला झाकणं दिसली, तेव्हा येडेपण महागात पडलं. दोघा भावांना ती दरड कापून गोठा सरळ बांधायचा होता. तू दरडीला पाठ लावून उभी राहिलीस.

"इथं कापायचं न्हाई."

"का?" तुझा नवरा म्हणाला.

"इथं बाया ऱ्हात्यात."

"कंच्या बाया?"

"तुमाला दिसायच्या न्हाईत. तुमाला घरातल्या बी दिसत न्हाईत."

माझा नवरा हसला, म्हणून तुझाही हसला, आणि गोठा वाकडा झाला. त्या वाकड्या पत्र्याचं पाणी माझ्या ओट्यावर पडतं. दर पावसाळ्यात मी तुला ते ऐकवलं. वाटणी झाली, घरात मधोमध भिंत आली, दोन चुली झाल्या. मग वर्षाच्या अंतरानं दोघे भाऊ गेले, तरी गोठ्याचं भांडण आपलं चालूच होतं. खरं सांगते, मला त्या भांडणाची सवय झाली होती. ओटा ओला झाला की बरं वाटायचं. बोलायला काहीतरी मिळायचं.

मग ती कोळ्यांची मॅडम आली. पुण्याहून मोटरसायकलवर, पाठीवर पोतं बांधल्यासारखी पिशवी. पाणी मागायला थांबली. भीमाशंकरच्या जंगलात जमिनीतले कोळी शोधायला निघाले आहे म्हणाली. तू तांब्या तिच्या हातात दिलास आणि म्हणालीस, "एवढ्या लांब कशापायी जाताय? आमच्या गोठ्यामागं हायेत की."

त्या दिवशी ती भीमाशंकरला गेलीच नाही. संध्याकाळपर्यंत दरडीसमोर पालथी पडून होती. ही दरड उत्तरेकडं तोंड करून आहे, वर करंजाची सावली, माती कायम ओलसर, नांगर कधी लागलेला नाही, खोरं लागलेलं नाही. अशीच जागा त्यांना लागते म्हणाली. मादी एकदा बीळ करते आणि जन्मभर त्यातच राहते, वर्षानुवर्षं. बीळ मोडलं की बहुधा तीही संपते. पिल्लं लांब जात नाहीत. आईच्या शेजारीच भिंतीला भिंत लावून बीळ करतात.

"आन नर?" तू विचारलंस.

"नर मोठा झाला की पावसात बाहेर पडतो. मादी शोधत हिंडतो आणि मरतो."

"आमच्या दोघींचे बी तसंच गेले," तू म्हणालीस. मॅडमला हसावं की नाही कळेना. मग मीच हसले.

तिनं प्रत्येक झाकणाशेजारी टाचणीला लाल कागद लावून टोचला. एकवीस झाले. नंतर ती दर महिन्याला यायची. फोनवर तुझ्याशीच बोलायची. "हिराबाई, झाकण नवीन दिसलं का? हिराबाई, पाऊस किती झाला?" तू फोन कानाला उलटा लावायचीस तरी तिला ऐकू जायचं, एवढ्या मोठ्यानं बोलायचीस. सगळ्या आळीला कळायचं. किसनची बायको मला म्हणाली, "तुमच्या धाकट्या जाऊबाई लईच मोठ्या झाल्या." मी म्हटलं, कोळी बघून कोणी मोठं होतं का. पण ते मला लागलं. थोरली मी. शाळेत गेलेली मी. आणि पावणं यायचं ते तुझ्या दारी.

दिवाळीनंतर मॅडमचा फोन आला. तिचे सर येणार होते, तिघे-चौघे. ही जात वेगळी आहे असं तिला वाटत होतं, सरांनी बघून सांगायचं होतं. आणि हिराबाईंना भेटायचंय, असंही म्हणाले होते. तू दोन दिवस तेच बोलत होतीस. "मला भेटायचंय म्हंत्यात. मला." ते येणार त्या सकाळी तू पेटीतलं इरकल काढून खाटेवर ठेवलंस आणि चहापावडर, बिस्किटं आणायला एसटीनं मंचरला गेलीस. जाताना म्हणालीस, "अक्का, खुर्च्या मागं मांडा. दरडीसमोर."

मी अंगण झाडलं, शेणानं सारवलं. घमेल्यात शेणमाती उरली. खुर्च्या घेऊन मागं गेले. समोर उघडी दरड, मुळ्या लोंबलेल्या, हिरवट शेवाळ. पुण्याची माणसं इथं तोंड करून बसणार. पावणं येणार म्हटल्यावर आपण काय करतो? सारवतो. उघडी माती पावण्यांपुढं ठेवणं म्हणजे फाटकं नेसून पुढं जाणं. मी दरड खालपासून हात पोचेल तिथवर सारवली. चांगली, बोटांच्या कमानी एकावर एक येतील अशी.

नंतर सगळ्यांना मी एवढंच सांगितलं. तुलाही. पण सारवण्याआधी मी त्या टाचण्या काढल्या. एकवीसच्या एकवीस, एकेक करून, आणि तपकिरीच्या डबीत ठेवल्या, लाल कागद चुरगळू न देता. ज्या बाईला काही कळत नाही ती टाचण्या डबीत ठेवत नाही. मला माहीत होतं, हिरे. शेणाखाली कोण आहे ते माहीत होतं. हात थांबला नाही.

तू आलीस. पिशवी हातातच होती. दरडीकडं बघितलंस, मग माझ्या हातांकडं.

"अक्का, टाचण्या कुठं हायेत?"

"कसल्या टाचण्या? पावणं येणार म्हणून सारवलं. मला अडाणीला काय कळतंय."

"तुमी चौथी शिकलाय."

"शेण हाय ते. इख न्हाई."

तू पिशवी खाली ठेवलीस. बादली आणलीस आणि ओल्या हातानं सारवण धुवायला लागलीस. तेवढ्यात गाडी आली. मॅडम धावत आली आणि तिनं तुझा हात धरला. "राहू द्या हिराबाई, खरवडू नका. झाकणं निघून येतील. आत जिवंत असतील तर त्याच वाट काढतील." सर लोक खुर्च्यांवर बसले, चहा प्यायले. काय बघणार होते? त्यातले एक म्हातारे सर माझ्याकडं वळून म्हणाले, "हात छान आहे तुमचा." तो टोमणा होता की काय, मला अजून कळलेलं नाही.

तू जुन्याच लुगड्यावर चहा दिलास. इरकल खाटेवर घडी होतं तसंच राहिलं.

ते गेल्यावर तू कप विसळत म्हणालीस, माझ्याकडं न बघता, "जल्मात माझ्याकडं कोण आलं व्हतं का? त्यांच्यापायी आलं व्हतं." मग आत गेलीस आणि दार लावून घेतलंस. मला उद्देशून तू बोललेलं ते शेवटचं.

त्यानंतर सगळं शेळीमार्फत. तू सकाळी म्हणायचीस, "राणे, नळाला पाणी आलंय म्हणावं. भरायचं असंल तर भरावं. उरलं तर सारवायला घ्यावं."

मी म्हणायचे, "राणे, तुझ्या मालकिणीला सांग, भाकरी करपतीया. वास हिकडं येतोय."

"राणे, वासाला भिंत नसती म्हणावं. मन लई मोठं असलं की समदंच सोसावं लागतं."

शेळी एकदा तुझ्याकडं, एकदा माझ्याकडं बघायची. मला वाटायचं, चाललंय ते बरं चाललंय. एवढं बोलतेय म्हणजे एक दिवस सरळ बोलेल. भांडून भांडून आपण चाळीस वर्षं काढली होती. भांडण संपतं, हे मला माहीत होतं. माणूस आधी संपेल, हे डोक्यात नव्हतं.

संक्रांत झाली आणि एका दुपारी मी कपड्यांचं पाणी फेकायला मागं गेले. दरडीवरच्या सारवणात, माझ्या बोटांच्या कमानीतच, एक बारीक गोल चीर दिसली. मी घरातून सुई आणली. टोकानं उचललं. झाकण वर आलं. तिनं माझं शेणच कापून त्याचं झाकण केलं होतं. वर माझ्या बोटांच्या रेघा होत्या. मिटलं की झाकणावरची रेघ भोवतालच्या रेघेला बरोबर जुळायची. मी पुन्हा ओढलं, तर आतून तिनं ओढलं.

तिथंच खाली बसले. मग उठून तुझ्या मागच्या भिंतीपर्यंत गेले. तू आत खलबत्त्यात काहीतरी कुटत होतीस. तोंडात शब्द आला होता. "हिरे, बाहेर ये." आणि मी तो गिळला.

का ते सांगते. मला वाटलं, आता माझ्याकडं काहीतरी आहे जे तुला हवंय. आता तू बोलशील, मी कबूल करायच्या आधी तू बोलशील, मग मी सांगेन. बातमी हातात धरून बसले, जसं काय ती नासणार नव्हती.

पुढच्या आठवड्यात दुसरं झाकण दिसलं. मग एकदम तीन. शिमग्यापर्यंत नऊ झाली. मी डबीतल्या टाचण्या काढल्या आणि नऊ झाकणांशेजारी नऊ लाल कागद परत टोचले. म्हटलं, तू मागं आलीस की तुलाच दिसेल. कोणी आधी बोलायला नको, कोणी कबूल करायला नको. पण तू मागं यायचंच सोडलं होतंस. शेळी पुढच्या खुंट्याला बांधायला लागली होतीस. सरपणही फिरून पुढून आणायचीस. चाळीस वर्षं रोज सकाळी उठून ज्या दरडीकडं जायचीस, तिच्याकडं चार महिन्यांत एकदाही फिरकली नाहीस. तुझ्या हिशेबानं तिथं एकवीस मढी होती.

एकदाच मी सांगायला गेले. शेळीजवळ वाकून म्हटलं, "राणे, तिला म्हणावं मागं जाऊन बघ." हळू म्हटलं. तू आत भांडी घासत होतीस, नळ चालू होता. ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायला मला दुसऱ्या दिवशी जमलं असतं. तिसऱ्या दिवशी ऊन तुझ्या उंबऱ्यापर्यंत आलं आणि मी बाहेर उभी होते.

बायकांनी तुला न्हाऊ घातलं तेव्हा मी पेटीतून इरकल आणलं. किसनची बायको म्हणाली, विधवेला जरीकाठ कशाला. मी म्हटलं, तिला पावण्यांपुढं नेसायचं व्हतं, तू गप बस. तुझ्या अंगावर टाकलं तेव्हा घडीच्या रेघा तशाच होत्या.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळा लगेच आला आणि शिवला. सगळे म्हणाले, चांगलं झालं, हिराबाईचं काही मागं राहिलं नव्हतं. माझा मुलगा हात जोडून उठला, माणसं चपला शोधायला लागली. मला त्या कावळ्याचा राग आला. त्यानं थोडं तरी अडायचं होतं. मी पुढं होऊन बोलले असते. चारचौघांत बोलले असते.

मुलगा मंचरहून आलाय तो म्हणतो, आता मधली भिंत पाडू, घर एक होईल, आणि गोठाही सरळ करून घेऊ, म्हणजे माझा ओटा भिजणार नाही. मी म्हटलं, भिंत पाड. गोठा वाकडाच राहील.

मॅडम काल आली. तिला कोणी कळवलं नव्हतं, सारवल्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच आली होती. तुझ्या दाराला कुलूप बघून थांबली. मी सांगितलं. तिनं पायरीवर बसून पिशवी मांडीवर घेतली. मग मी तिला मागं नेलं. तिनं लाल कागद बघितले, खाली वाकली, केसांतला आकडा काढून एक झाकण उचललं. आतून ओढलं गेलं. तिनं मोजले. नऊ.

"हे कधी झालं?"

"पहिलं संक्रांतीला."

तिचा चेहरा क्षणभर उजळला. "म्हणजे हिराबाईंनी बघितलं."

"न्हाई."

"तुम्ही सांगितलं असेल ना?"

"न्हाई."

न विचारताच मी सांगितलं, टाचण्या मी काढल्या होत्या आणि सारवताना मला माहीत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मग दरडीकडं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, सर परत येतील, बघायला. मी म्हटलं, येऊ दे. खुर्च्या मांडीन. दरडीला हात लावणार नाही. कोणाची दरड आहे विचारलं तर तुझं नाव सांगीन, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट नाही, नुसतं तुझं.

शेळी माझ्याकडं आहे. सकाळी धार काढताना अजून तिच्याशीच बोलते, सवय लागली आहे. आज तिला मोठ्यानं सांगितलं, आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

एकवीसमधल्या नऊ जगल्या, हिरे. आणि मी जगले.